चित्रातले घर आणि राहते घर

‘प्रति’ हा आपल्या भाषेतील एक लहानसा उपसर्ग आहे. पण महाराष्ट्रात त्याने मोठमोठी बांधकामे उभी केली आहेत. पुण्याजवळ केतकावळे येथे प्रतिबालाजी आहे, शिरगावला प्रतिशिर्डी आहे, आणि स्वतःला प्रतिपंढरपूर म्हणवून घेणारी गावे तर एकाहून अधिक आहेत. खुद्द आपल्या शेगावात आनंदसागरच्या तळ्यातील बेटावर जे ध्यानकेंद्र आहे, तेही कन्याकुमारीच्या विवेकानंद शिलास्मारकाच्या धर्तीवर बांधलेले आहे. तेव्हा एक पाहून त्याबरहुकूम दुसरे उभारावयाचे, ही कल्पना आपणांस नवी नाही.

आज ज्या प्रतिकृतीविषयी सांगावयाचे आहे, तिची गोष्ट मात्र निराळी आहे. त्या घराला मूळ असे घर कोठेच नव्हते. मूळ होते ते कागदावर आणि दूरदर्शन संचाच्या पडद्यावर. एका व्यंगचित्र-कुटुंबाचे ते चित्रातले घर. १९९७ साली अमेरिकेत ते खरोखरीच बांधले गेले, हजारो लोकांनी ते रांगा लावून पाहिले, बक्षीस म्हणून ते लावण्यात आले, आणि ज्या बाईंना ते लागले त्यांनी ते घेतले नाही. असे का झाले आणि त्या घराचे पुढे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

कामगार संघटनेच्या माणसाने कार्टूनवर कशाला लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. चित्रातले ते घर एका कामगाराचे आहे. ते ज्यांना लागले त्या बाईही कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगार होत्या. आणि ज्या गावात ते बांधले ते हेंडरसन हे गाव मुळात कामगारांसाठी वसवलेले आहे. घर ही गोष्ट कामगाराच्या आयुष्यात कोठून येते आणि कशी टिकते, हे समजून घ्यावयाचे असेल तर या घराइतके बोलके उदाहरण सहसा सापडणार नाही.

प्रथम त्या कुटुंबाची ओळख करून घेऊ. ‘द सिम्पसन्स’ ही हलत्या व्यंगचित्रांची मालिका. तिचा जनक मॅट ग्रेनिंग. १९८७ साली दुसऱ्या एका कार्यक्रमातील छोट्या छोट्या तुकड्यांच्या रूपाने हे कुटुंब प्रथम दिसले, आणि डिसेंबर १९८९ पासून त्याची स्वतंत्र मालिका फॉक्स या वाहिनीवर सुरू झाली. कुटुंबात पाच माणसे : बाप होमर, आई मार्ज, आणि बार्ट, लिसा व मॅगी ही तीन मुले. गावाचे नाव स्प्रिंगफील्ड. पण ते अमेरिकेच्या कोणत्या राज्यात आहे, हे मुद्दामच सांगितलेले नाही. घराचा पत्ता एव्हरग्रीन टेरेस, क्रमांक ७४२. होमर एका अणुवीजकेंद्रात काम करतो. तो आळशी आहे, खादाड आहे, वेंधळा आहे. पण बायकोमुलांवर त्याचा जीव आहे.

मार्च १९९३ मध्ये दाखवलेला या मालिकेचा एक भाग तर आम्हां संघटनेच्या लोकांनी मुद्दाम पाहावा असा आहे. कामगारांच्या करारात दातांच्या उपचाराची सोय असते. मालक ती काढून घ्यावयास निघतो. करार हातोहात मंजूरही होऊ लागतो. इतक्यात लिसाच्या दातांना तार बसवावयाची आहे हे होमरला आठवते, आणि तो उठून उभा राहतो. लगेच त्यालाच संघटनेचा अध्यक्ष करतात. संप होतो, मालक साऱ्या गावाची वीज तोडतो, तरी कामगार हटत नाहीत, आणि शेवटी मालकाला नमावे लागते. सारा प्रकार विनोदाच्या अंगाने रंगवला आहे. पण मुलीच्या दाताखातर बाप उठतो, ही गोष्ट मला खोटी वाटली नाही. कारखान्याच्या दारावर सभा घेताना मी हेच पाहत आलो आहे. तत्त्वासाठी उठणारी माणसे थोडी असतात. घरातल्या अडचणीसाठी उठणारी पुष्कळ असतात, आणि एकदा उठली म्हणजे तत्त्वही त्यांना उमगते.

आता त्या घराकडे वळू. आपल्याकडेही व्यंगचित्रांतील माणसे घरोघरी पोचली आहेत. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ घ्या. चौकटीचा कोट आणि धोतर नेसलेल्या त्या मुक्या माणसाचा पुतळा २००१ साली पुण्यात सिम्बायोसिस संस्थेत उभा राहिला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. परंतु ‘कॉमन मॅन’ला आपण पुतळा दिला, घर दिले नाही. चिंटूचे घर आपण मनातच ठेवले. अमेरिकेत मात्र कॉफमन अँड ब्रॉड या घरबांधणी कंपनीने फॉक्स आणि पेप्सी यांच्या साथीने सिम्पसन कुटुंबाचे घर खरोखरच बांधावयास घेतले. जागा निवडली ती नेवाडा राज्यातील हेंडरसन या गावी, लास वेगास शहराच्या लगत.

लास वेगासला अशा गोष्टींचे वावडे नाही. जुगाराच्या व करमणुकीच्या धंद्यावर वाढलेले ते शहर. न्यूयॉर्कच्या इमारतींच्या नकला जोडून केलेले एक प्रचंड हॉटेल तेथे त्याच वर्षी, १९९७ च्या जानेवारीत उघडले. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याची निम्म्या उंचीची नक्कल त्यानंतर दोन वर्षांनी आली. पण या साऱ्यांना मूळ होते. मूळ पाहून मोजमाप घेता येत होते. सिम्पसनच्या घराचे तसे नव्हते.

चित्रकाराला घर काढताना गवंड्याचे नियम पाळावे लागत नाहीत. चित्रातल्या भिंतीला जाडी नसते. जिना चढताना डोके तुळईला लागेल की काय, ही चिंता तेथे नसते. सांडपाणी कोठून जाईल, विजेची तार कोठून येईल, छपरावरचे पाणी कोणत्या अंगाला वाहील, हे कोणी विचारीत नाही. एखाद्या भागात विनोदाला एक खोली हवी असली की दार उघडते आणि खोली हजर होते. पुढच्या भागात तिचा पत्ताही नसतो. म्हणून बांधणाऱ्यांनी मालिकेचे भाग पुन्हापुन्हा पाहिले. कोणत्या खिडक्या नेहमी दिसतात, दर्शनी भागाला काय असते, गॅरेज कोणत्या बाजूला, जिना कोठे, दिवाणखान्यातील कोचावर होडीचे चित्र कसे लावलेले, स्वयंपाकघराच्या पडद्यावर मक्याची कणसे कशी काढलेली, हे एकेक टिपून घेतले आणि त्यातून चार शय्यागृहांचे, सुमारे २,२०० चौरस फुटांचे, दोनमजली घर साधले.

हे कामही साधे समजू नये. सामान्य घर बांधताना सुताराला, रंगाऱ्याला, फरशीवाल्याला आपापल्या कामाची रीत ठाऊक असते. येथे रीत मोडून काम करावयाचे होते. खरे घर उन्हात उभे राहते. त्याच्यावर सावल्या पडतात, धूळ बसते, रंग कोठे गडद तर कोठे फिका दिसतो. चित्रातल्या घराचा रंग मात्र सगळीकडे सपाट असतो. तोच भडकपणा भिंतींवर आणि आतील जमिनीवर उतरवावा लागला. मालिकेत दिसणाऱ्या सुमारे दीड हजार वस्तू जमवल्या किंवा घडवल्या गेल्या. काम इतके नेमके झाले की आत पाऊल टाकणाऱ्याला आपण पडद्याच्या पलीकडे गेलो असे वाटावे. १९९७ च्या ऑगस्टमध्ये ते लोकांना पाहण्यासाठी खुले झाले आणि सुमारे तीस हजार लोक ते पाहून गेले.

पण हे सर्व कशासाठी होते? कोणी राहावे म्हणून नव्हते. ती एक जाहिरात होती. शीतपेय खपावे, मालिका पाहिली जावी, आणि घरे बांधणाऱ्या कंपनीचे नाव सर्वतोमुखी व्हावे, असा तिहेरी हेतू. घराची किंमत १,२०,००० डॉलर धरलेली होती आणि ते सोडतीत एका भाग्यवंताला मिळणार होते. दीड कोटीच्या आसपास प्रवेशपत्रे आली. आपल्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २५ लाख ८६ हजार होती. तिच्या जवळजवळ सहापट चिठ्ठ्या, आणि त्यांतून काढावयाची एकच. ती निघाली केंटकी राज्यातील एका निवृत्त कामगार बाईंच्या नावे.

त्यांच्यापुढे दोन पर्याय होते : एक तर हे घर, नाहीतर रोख ७५,००० डॉलर. त्यांनी रोख रक्कम पत्करली.

सव्वा लाखाच्या जवळपास किंमत असलेली वस्तू सोडून पाऊण लाख घेणे हा वरवर पाहता तोट्याचा सौदा. परंतु कागद-पेन्सिल घेऊन बसले म्हणजे हिशेब उलटतो. पहिली गोष्ट, अंतराची. केंटकीपासून नेवाडा रस्त्याने सुमारे तीन हजार किलोमीटर. आपल्या स्टेशनावर गाडीत बसून हावड्याला जावे आणि परत यावे, जवळजवळ तितके. ज्याची हयात एका मुलखात गेली, त्याने उतारवयात शेजारपाजार, नातीगोती सोडून तेथे जावे, तर ते घर की वनवास? दुसरी गोष्ट, कराची. अमेरिकेत बक्षीस हे उत्पन्न समजतात आणि वस्तूरूपाने मिळाले तरी तिच्या किमतीवर कर पडतो. भिंती विकून कर भरता येत नाही. आपल्याकडेही लॉटरीसारख्या बक्षिसावर तीस टक्के दराने कर आहे, आणि मोटार किंवा घर लागले तर त्यावरचा कर भरला गेल्याशिवाय देणाऱ्याने ती वस्तू हवाली करावयाची नाही, असा दंडक आहे. म्हणजे फुकट लागलेले घर ताब्यात घ्यावयास आधी गाठीला पैसा पाहिजे. ज्याच्या गाठीला तो आहे, त्याला सोडतीची गरज कमी. ज्याला गरज, त्याच्या गाठीला तो नसतो.

तिसरी गोष्ट सर्वांत चमत्कारिक आहे. ज्या वसाहतीत हे घर बांधले, तिचे नियम होते. अमेरिकेतील नव्या वसाहतींत प्रत्येक घराच्या खरेदीबरोबर काही अटी बांधलेल्या असतात आणि घरमालकांचा संघ त्या अमलात आणतो. भिंतीला कोणता रंग द्यावा, कुंपण किती उंच असावे, अंगणात काय ठेवू नये, हे सारे त्यात येते. आपल्या गृहनिर्माण सोसायटीचे उपविधी असतात त्याच जातीचे, पण पुष्कळ अधिक काटेकोर. जाहिरात चालू होती तोपर्यंत त्या भडक रंगाला मुभा होती. घर कोणाच्या मालकीचे झाले की ते आजूबाजूच्या घरांसारखे मातकट रंगात रंगवले पाहिजे, अशी अट होती.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ते घर चित्रातले राहू शकत होते ते कोणाचेच नव्हते तोपर्यंत. मालक आला की चित्र गेले. दीड कोटी लोकांनी ज्या वस्तूसाठी नाव घातले, ती वस्तू कोणालाही मिळणारच नव्हती. मिळणार होते ते वाळवंटाच्या कडेचे एक चारचौघांसारखे घर.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. घर कंपनीकडेच राहिले. आतील वस्तू निघाल्या. बाहेरचा रंग बदलला. २००१ साली ते रीतसर विकले गेले आणि एक कुटुंब तेथे राहू लागले. आत कोठेकोठे जुन्या रंगाच्या खुणा उरल्या आणि पत्ता शोधीत येणारे हौशी लोकही येतच राहिले. ते रस्त्यावरून छायाचित्र घेतात, कधी दारही ठोठावतात. पडद्यावर मात्र होमरचे कुटुंब आपल्या रंगीत घरात सुखाने नांदते आहे. तेथे कोणाचे वय वाढत नाही, छप्पर गळत नाही आणि हप्ता थकला तरी पुढच्या भागात सारे जागच्या जागी असते.

आता त्याच हेंडरसन गावातील दुसरी घरे पाहा, म्हणजे तुलना पुरी होईल. दुसऱ्या महायुद्धात विमानांना व बाँबना मॅग्नेशियम हा हलका धातू हवा होता. त्यासाठी १९४१ साली ओसाड वाळवंटात ‘बेसिक मॅग्नेशियम’चा प्रचंड कारखाना उभारण्यास आरंभ झाला. हजारो कामगार आले. त्यांना डोक्यावर छप्पर हवे म्हणून घाईघाईने साधी, एकासारखी एक लाकडी घरे बांधण्यात आली. युद्धापुरती, तात्पुरती. भेदभावही होता, काळ्या कामगारांची वस्ती वेगळी. कार्व्हर पार्क नावाच्या त्या वस्तीचा आराखडा पॉल विल्यम्स या नामांकित कृष्णवर्णीय वास्तुशिल्पज्ञाने केला होता. कारखाना बंद पडला, युद्ध संपले, आणि सारे गावच भंगारात निघते की काय अशी पाळी आली. पण माणसे राहिली, नवे उद्योग आले आणि १९५३ साली हेंडरसनला रीतसर नगराचा दर्जा मिळाला. तात्पुरती म्हणून बांधलेल्या त्या घरांपैकी कित्येकांत पुढे पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले. कोणी मागे एक खोली वाढवली, कोणी पुढे पडवी काढली, कोणी झाड लावले. ज्यांना पाहण्यासाठी कोणी रांग लावली नाही, ती घरे टिकली. ज्यासाठी तीस हजार लोक आले, ते चार वर्षांत ओळखू येईनासे झाले.

आणखी एक योगायोग सांगतो. १९९७ च्या त्या उन्हाळ्यात लोक चित्रातल्या कामगाराचे घर पाहावयास जात होते, तेव्हा काही मैलांवर लास वेगासमध्ये फ्रंटियर नावाच्या हॉटेलातील खरे कामगार संपावर होते. सप्टेंबर १९९१ मध्ये ५५० लोक बाहेर पडले होते. संप चालला सहा वर्षांहून अधिक. १९९८ च्या आरंभी तो जिंकून संपला, आणि एवढ्या काळात त्यांतील एकही माणूस फुटून कामावर गेला नाही. आचारी, वाढपी, खोल्या झाडणाऱ्या बाया अशा लोकांची ही संघटना. याच संघटनेने पुढे २००७ च्या करारात मालकांकडून एक निधी मिळवला. पहिले घर घेणाऱ्या कामगाराला डाउन पेमेंटसाठी त्यातून साहाय्य मिळावे, अशी ती योजना. त्यात चिठ्ठी नाही, नशीब नाही. सभासद आहे, काम केले आहे, म्हणून हक्क आहे. एका चिठ्ठीत एक घर, तेही घेतले न गेलेले. आणि एका करारात अनेकांच्या घराचा पाया. दोन्ही गोष्टी एकाच मुलखातल्या.

हे परदेशचे झाले, आपले काय, असे श्रोत्यांपैकी कोणाच्या मनात आले असेल. आपलीही एक सोडत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्यांचे पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. भोंगे बंद झाले आणि त्या जमिनींवर मनोरे चढले. त्या जमिनींचा काही हिस्सा तरी कामगारांच्या घरांसाठी असावा, म्हणून वर्षानुवर्षे मोर्चे निघाले. तेव्हा कोठे २०१२ साली म्हाडाने गिरणी कामगारांच्या ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली. नंतर २०१६ आणि २०२० च्या सोडती झाल्या. तिन्ही वेळच्या मिळून घरे सुमारे सोळा हजार; अर्ज दीड लाखांहून अधिक. घर २२५ चौरस फुटांचे, म्हणजे होमर सिम्पसनच्या त्या घराचा जेमतेम दहावा हिस्सा. ते फुकट नव्हते. किंमत भरावयाची होती. कित्येकांच्या नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा हाती घ्यावयास ते स्वतः हयात नव्हते, वारस आले.

या दोन सोडतींत एक मोठा फरक आहे, आणि तो विसरता कामा नये. केंटकीच्या बाईंनी त्या घरासाठी काही केलेले नव्हते. ते त्यांचे देणे नव्हते. म्हणून त्यांनी ते सोडले यात कोणाचेच काही गेले नाही. उलट त्यांनी शहाणपणाच केला. गिरणी कामगाराचे घर हे मात्र त्याचे देणे होते. जेथे देणे असते, तेथे चिठ्ठी टाकणे हा न्याय नव्हे. तो तुटवड्याचा कबुलीजबाब आहे. शंभर जणांचे देणे आहे आणि दहांनाच द्यावयाचे आहे, म्हणून चिठ्ठी आली. लागलेल्या दहांचे आपण अभिनंदन करतो आणि उरलेले नव्वद नशिबाला बोल लावीत घरी जातात. सोडतीची खरी मेख हीच आहे. ती माणसाला मागणाऱ्यांच्या रांगेतून काढते आणि नशीब आजमावणाऱ्यांच्या रांगेत उभे करते.

आरंभी प्रतिकृतींचा उल्लेख केला, त्याचे कारण आता सांगतो. प्रतिबालाजीची मूर्ती नक्कल आहे म्हणून कोणी तिला हात जोडावयाचे थांबत नाही. तेथे रोज पूजा होते, दिवा लागतो, प्रसाद वाटला जातो. त्या नित्याच्या वापराने नक्कलही अस्सल होते. आनंदसागरचे दरवाजे मध्यंतरी काही काळ बंद होते. २०२३ मध्ये त्याचा काही भाग पुन्हा उघडला तेव्हा लोक पूर्ववत येऊ लागले. ज्या वास्तूचे लोकांशी काही काम असते, ती अशी सावरते. सिम्पसनच्या घराचे काम जाहिरात संपताच संपले होते. ते पुन्हा घर झाले ते भडक रंग उतरल्यावर, कोणीतरी स्वतःच्या कमाईतून ते विकत घेऊन चूल मांडल्यावर. म्हणजे त्याची दुर्दशा झाली असे जे म्हणतात, ते मला पटत नाही. चित्राची दुर्दशा झाली. घराचे कल्याणच झाले.

खामगाव-अकोल्याच्या बाजूला जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात कामगारांच्या जुन्या खोल्या अजून दिसतात. वर पत्रे, पुढे हातभर ओटा, ओट्यावर तुळस. त्यांचे चित्र कोणी मालिकेत काढले नाही आणि काढणारही नाही. पण आत कोठे खुंटी आहे, पावसात पत्रा कोठे गळतो, भिंतीवर मुलाची उंची कोणत्या वर्षी कोठवर होती, हे तेथल्या बाईला डोळे मिटून सांगता येते. घराची ओळख पटवावयाची ती या खुणांवरून. दीड हजार वस्तू जमवूनही हेंडरसनच्या त्या बांधकामात ही एक वस्तू आणता आली नव्हती.